चार नंबर का तापतोय? मिरकरवाड्यातल्या चाचांच्या वर्कशॉपचा अनुभव

रत्नागिरीत गाडीचं इंजिन उघडून देणारे पुष्कळ आहेत. न उघडता त्याचं दुखणं शोधून देणारे मला एकच भेटले, आणि त्यांचा धंदा ट्रॉलरच्या इंजिनांचा आहे. मला त्यांच्याकडे पोचायला दीड महिना लागला. दुसऱ्या कुणाचा तेवढा वेळ जाऊ नये म्हणून सविस्तर लिहितोय.

गाडी 1998 ची जिप्सी किंग. 1298 सीसीचं, कार्बोरेटरवालं, आठ व्हॉल्व्हचं इंजिन. आमचं घर पावसजवळ, धंदा हापूसचा. आंबा संपला, पेट्या माळ्यावर गेल्या आणि कलमांना खत घालून झालं, की पावसाळ्यात हाताला थोडी उसंत मिळते. त्या उसंतीत रिकाम्या गोठ्यात ताडपत्री अंथरून हे इंजिन मी स्वतः बांधलं. ब्लॉक बोअर करून आणला, 0.25 ओव्हरसाइजचे पिस्टन घातले, नव्या रिंगा, नवी बेअरिंग, व्हॉल्व्ह हाताने घासून बसवले. सायलेन्सरचा बिडाचा मॅनिफोल्ड तडकला होता, म्हणून चार नळ्यांचा हेडर घरीच वेल्डिंग करून तयार केला.

हेडर करतानाच प्रत्येक नळीला एकेक नट वेल्ड करून त्यात के-टाइप थर्मोकपलचे, म्हणजे तापमान मोजणाऱ्या तारांचे, प्रोब बसवले आणि चार चॅनेलचा डिस्प्ले डॅशबोर्डखाली लावला. यामागे कारण होतं. आमच्या शेजारच्या वाडीतल्या एकाच्या गाडीचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळला, आणि शेवटच्या दिवसापर्यंत त्याचा पाण्याचा काटा मधोमध उभा होता. पाण्याचा काटा चारही सिलिंडरांचं मिळून एकच सांगतो. एकट्यादुकट्याचं दुखणं त्यात बुडून जातं. सिलिंडरागणिक धुराचं तापमान दिसलं तर ते लपत नाही.

आणि ते दिसलंच. ताशी साठच्या वेगाने सपाट रस्त्यावर एक नंबर 640 अंश, दोन 655, तीन 650, आणि चार नंबर 740. रोज तेच. स्लोला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन चालू असताना, उलटा प्रकार: पहिले तीन 390 च्या आसपास आणि चार नंबर 310 वर हेलकावे खात, मधूनच मिसिंग. एकच सिलिंडर थांबल्यावर थंड आणि चालताना गरम. माझी मती गुंग झाली. इतक्या हौसेने बांधलेलं इंजिन, रात्री झोप लागेना.

शहरातल्या दोन गॅरेजांत गेलो. पहिल्या ठिकाणी डिस्प्लेकडे कुणी बघितलंही नाही. "असले काटे लावू नका, डोक्याला ताप होतो," म्हणाले. दुसऱ्या ठिकाणी ऐकून घेतलं आणि पाचव्या मिनिटाला निकाल दिला: इंजिन लीन चालतंय, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतंय, कार्बोरेटरचा मेन जेट (पेट्रोलचं भोक) मोठा टाकूया. टाकला. पेट्रोल जास्त जायला लागल्याबरोबर पहिले तीन सिलिंडर आणखी थंड झाले, त्यांच्या प्लगांवर काजळी धरली, आणि चार नंबर त्यांच्यापेक्षा तेवढाच गरम राहिला. पैसे गेले त्याचं दुःख नाही. चारही सिलिंडरांना एकाच कार्बोरेटरमधून पेट्रोल जातं, मग दुखणं एकालाच का, हा प्रश्न एकाही माणसाला पडला नाही, त्याचं दुःख वाटलं.

माझ्या शाळेतल्या मित्राची मिरकरवाड्याला बोट आहे. तो म्हणाला, "आमच्या चाचांना दाखव. ते जहाजावर होते." गणपती झाल्यावर सप्टेंबरात गेलो.

वर्कशॉप म्हणजे जेटीकडच्या एका बोळात पत्र्याची लांबट शेड. बोर्ड नाही. दारातच ट्रॉलरचा गिअरबॉक्स उघडा पडलेला, आत लेथ, ड्रिल, भिंतीला टांगलेली मोठमोठी पॅकिंग. जिप्सी जेमतेम आत गेली. चाचा साठीच्या पुढचे. उमेदीची वर्षं त्यांनी मालवाहू जहाजांच्या इंजिनरूममध्ये फिटर म्हणून काढली. माझा चार आकड्यांचा डिस्प्ले बघून त्यांचा चेहरा असा खुलला की जुना सोबती भेटावा. जहाजाच्या मोठ्या इंजिनाला प्रत्येक सिलिंडरच्या धुरावर पायरोमीटर असतो आणि दर वॉचला (पाळीला) ते आकडे लॉगबुकात उतरवायचे असतात. ते म्हणाले, "सरासरीपेक्षा पन्नास अंश कुणी वर नाहीतर खाली गेला, की आमच्याकडे अलार्म वाजायचा. तुझा तर नव्वद वर आहे. पण हा मीटर खरं बोलतो काय, ते आधी बघूया."

हे वाक्य मी दीड महिना कुणाच्या तरी तोंडून ऐकायची वाट बघत होतो, हे ते ऐकल्यावर कळलं.

त्यांनी पोराला पिटाळून मासळीसाठी आणलेला चुरा बर्फ बादलीभर मागवला. स्वच्छ धुतला, त्यात थोडं पाणी घातलं, ढवळलं आणि चारही प्रोब हेडरमधून काढून त्यांची टोकं त्यात एकत्र बुडवली. विरघळणारा बर्फ शून्य अंशाला असतो, त्याला कुणाच्या प्रमाणपत्राची गरज नाही. डिस्प्लेवर 1, 0, 1, 1. मग स्टोव्हवर चहाच्या टोपात पाणी खळखळ उकळवलं आणि तेच चार प्रोब त्यात. 100, 99, 101, 100. समुद्राच्या काठावर पाणी शंभरालाच उकळतं. कुठे खास यंत्र नाही, लॅब नाही. बर्फ आणि चहाचं टोप, एवढ्यावर प्रोब खोटं बोलत नाहीत याची पहिली खात्री पटली.

वायरीही त्यांनी बोटांनी चाचपत शेवटपर्यंत बघितल्या. थर्मोकपलची वायर कमी पडली की लोक साधी तांब्याची वायर जोडून लांबवतात. तसं केलं की तो जोड मीटरपेक्षा जेवढा गरम असेल तेवढी चूक आकड्यात येते. जोडायची तर के-टाइपचीच वायर हवी. शिवाय पिवळ्या-लाल जोडीत लाल वायर ही मायनस असते. आपल्या हाताला लाल म्हणजे प्लस अशी सवय. उलटी लागली तर प्रोब तापेल तसा आकडा खाली जातो. माझं वायरिंग ठीक निघालं.

तरी शंभर अंशांना बरोबर असलेला प्रोब सातशेला बरोबर असेलच असं नाही. म्हणून तीन आणि चारचे प्रोब त्यांनी आपसात बदलले आणि मला गाडी फिरवून आणायला सांगितलं. प्रोब वाईट असता तर आता तीन नंबर गरम दिसला असता. नाही दिसला. चार नंबरची नळीच गरम, 735. पाच अंशांचा फरक प्रोबचा, बाकी सगळा इंजिनाचा. या कामाला पाना फिरवायची दहा मिनिटं लागतात. कार्बोरेटरला हात लावण्याआधी हे करायला हवं होतं आणि हे माझं मलाही करता आलं असतं.

पण चाचा एवढ्यावर थांबले नाहीत. पट्टी घेऊन गाडीखाली गेले आणि हेडच्या तोंडापासून प्रत्येक प्रोबचं अंतर मोजलं. तीन प्रोब पन्नास मिलिमीटरवर, चौथा तीसवर. चार नंबरच्या नळीला तिथे बाक आहे म्हणून मी नट पुढे सरकवून वेल्ड केला होता आणि विसरून गेलो होतो. व्हॉल्व्हच्या जवळ धूर जास्त गरम, लांब गेला की थोडा निवतो. "यातले वीसेक अंश तुझ्या वेल्डिंगचे," ते म्हणाले. "ते वजा कर. तरी सत्तर राहतात. ते शोधू." हेडर घरी बनवणाऱ्या प्रत्येकाने हे ध्यानात ठेवा. चारही प्रोब तोंडापासून सारख्या अंतरावर आणि नळीच्या मध्यापर्यंत सारखे आत नसतील, तर आकड्यांची तुलनाच चुकते.

पुढचं सगळं भराभर झालं. तीन आणि चारचे प्लग बदलले, वायरी बदलल्या, फरक नाही. टॅपेटची फट थंड इंजिनावर फिलर गेजने (पातळ पात्यांच्या मापाने) बघितली, बरोबर. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरातला दाब, 13.5, 13.5, 13.2, 13.4 किलो. या इंजिनाला 14 स्टँडर्ड, 12 च्या खाली जाऊ नये आणि सिलिंडरांत एका किलोपेक्षा जास्त फरक नको. म्हणजे रिंगा, व्हॉल्व्ह, माझं बांधकाम, सगळं ठीक. तो आकडा ऐकला तेव्हा मी शेडच्या बाहेर जाऊन दोन मिनिटं खाडीकडे बघत उभा राहिलो.

एक गोष्ट मात्र मला कुणी कधी दाखवली नव्हती. टायमिंग लाइट, म्हणजे ठिणगीच्या क्षणी चमकणारी बत्ती, आपण एक नंबरच्या वायरीला लावतो. त्यांनी ती एकला लावून खूण बघितली आणि मग चारला लावली. एक आणि चारचे पिस्टन बरोबरच वर येतात, त्यामुळे क्रँकची तीच खूण दोघांनाही चालते. चार नंबरची ठिणगी उशिरा पडत असती तर खूण सरकलेली दिसली असती, आणि उशिरा ठिणगी पडली की जाळ एक्झॉस्टपर्यंत लांबतो, धूर तापतो. खूण जागच्या जागी होती. डिस्ट्रिब्यूटरही निर्दोष सुटला.

मग ते माझ्या शेजारी बसले आणि म्हणाले, चढाला घे.

भाट्याचा पूल ओलांडला की रस्ता गोळपच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, चढतो. तिसऱ्या गिअरमध्ये, पाय पूर्ण दाबून. मी रस्त्याकडे बघत होतो, ते आकडे मोठ्याने वाचत होते. 775, 790, 785, आणि चार नंबर 805. वर पोचल्यावर त्यांनी गाडी बाजूला घ्यायला लावली. "बघितलंस? जोर लावला की फरक वीसच राहिला. तो तुझ्या वेल्डिंगचा. म्हणजे दुखणं जोराला जातं. स्लोला आणि निवांत चालीला येतं. सांग बघू, इंजिनात असं काय आहे जे पाय दाबला की जातं?"

मला सांगता आलं नाही. त्यांनी सांगितलं: ओढ. इनटेक मॅनिफोल्डातला, म्हणजे सिलिंडरांत हवा-पेट्रोल नेणाऱ्या नळ्यांतला, व्हॅक्यूम.

सड्यावर वारा सुटला होता, कातळावर सोनकी फुललेली, आणि हा माणूस बॉनेटवर बोटाने रेघा ओढून मला समजावत होता. ते माझ्या शब्दांत लिहितो. स्लोला थ्रॉटल (हवेची झडप) जवळजवळ बंद असतो, आत ओढ जोरदार. चार नंबरच्या वाटेवर कुठे बारीक फट असेल तर तिथून चोरटी हवा आत येते, आणि इंजिन त्या वेळी मुळातच हवा इतकी कमी घेतं की ती चोरटी हवा खूप मोठी ठरते. मिश्रण एवढं पातळ होतं की ठिणगी पडूनही नीट पेटत नाही. म्हणून मिसिंग, म्हणून सिलिंडर थंड. साठच्या वेगाला फट तीच, पण एकूण हवा वाढलेली. आता मिश्रण पेटतं, मात्र शेजाऱ्यांपेक्षा पातळ, आणि म्हणून जास्त तापतं. पाय पूर्ण दाबला की ओढच उरत नाही, फटीतून हवा येतच नाही, चारही सारखे. थंड, गरम, सारखा: तिन्ही एकाच फटीची लक्षणं. ज्या गोष्टीने माझी मती गुंग झाली होती, तीच खरी खूण होती.

इथे डिझेलच्या सवयीच्या माणसाची गल्लत होऊ शकते आणि ते त्यांनी स्वतःहून सांगितलं. डिझेलच्या सिलिंडरला जास्त तेल गेलं की धूर तापतो. पेट्रोलच्या सिलिंडरला भरपूर पेट्रोल मिळत असेल तर धूर उलट निवतो, पेट्रोल कमी करत नेलं की तापत जातो, आणि अमुक एका टप्प्यानंतर आणखी पातळ केलं की पुन्हा निवायला लागतो. त्यामुळे "तापमान कमी म्हणजे चांगलं" असं धरून बसलात तर फसाल. माझा चार नंबर स्लोला थंड होता आणि तेव्हाच सगळ्यात जास्त आजारी होता.

परत शेडमध्ये आल्यावर फट शोधायला त्यांनी पेट्रोल किंवा कार्ब क्लीनरचा फवारा घेतला नाही. गरम इंजिनाजवळ ते मला नको, म्हणाले. जनावरांना देतात तसल्या मोठ्या सिरिंजमध्ये साबणाचं पाणी भरलं. इंजिन स्लोला चालू. इनटेक मॅनिफोल्ड जिथे हेडला बसतो त्या सांध्यावर एक नंबरपासून थेंब थेंब सोडत आले. एक, दोन, तीन, पाणी ओघळून खाली. चार नंबरच्या खालच्या कडेवर थेंब टेकला आणि ओघळलाच नाही. क्षणभर कडेवर फुगून थरथरला आणि सुर्रकन आत गेला. मागोमाग दुसरा. त्याच वेळी मिसिंग थांबलं, इंजिन दोन-तीन सेकंद सुरेल चाललं, आणि पाणी संपताच पुन्हा अडखळलं. तो आत जाणारा थेंब मी अजून डोळ्यांसमोर आणू शकतो. दीड महिन्याचं उत्तर एका थेंबात.

मॅनिफोल्ड उतरवला. पट्टी आडवी ठेवून फिलर गेज घातलं तर चार नंबरच्या टोकाला 0.20 मिलिमीटरची पात सहज आत गेली. तोंडाच्या वाकडेपणाला 0.10 पर्यंतच सूट असते. जुना मॅनिफोल्ड वाकलेला होता आणि मी तो न तपासता, खात्रीसाठी म्हणून पॅकिंगला सिलिकॉन लावून चढवला होता. ते सिलिकॉन पेट्रोलने फुगून लिबलिबीत झालं होतं. चाचांनी ते नखाने उचलून माझ्या तळहातावर ठेवलं. "पेट्रोलच्या वाटेवर हे कधी नाही लावायचं, बाळा." आवाज न चढवता म्हणाले, पण मनाला लागलं, आणि लागायलाच हवं होतं.

मॅनिफोल्ड मिरजोळ्याच्या एमआयडीसीत ग्राइंडिंगवर फेस करून, म्हणजे तोंड सपाट करून, आणला. नवं पॅकिंग कोरडंच घातलं, नट मधून कडेला असे टॉर्क पान्याने दोन फेऱ्यांत आवळले, कार्बोरेटरमध्ये मूळचा जेट परत टाकला. साठच्या वेगाला आता 645, 650, 650, 670. स्लोला चारही 390 ते 400 मध्ये, घड्याळासारखे. पूर्वी चहाच्या टपरीवर गाडी चालू ठेवून उभी केली की आरसा थरथरायचा. आता त्यात मागची माणसं स्पष्ट दिसतात.

खर्च: दोन दिवसांच्या तपासाचे आणि फिटिंगचे 1,800 रुपये, फेसिंगचे 600, पॅकिंग 250. चुकीच्या जेटच्या पायी आधी याहून जास्त गेले होते.

आता उणिवा, कारण त्या आहेत आणि जाणाऱ्याला माहीत असाव्यात. जून-जुलैत जाऊ नका. मासेमारी बंदीच्या त्या दोन महिन्यांत सगळ्या बोटी किनाऱ्याला आणि सगळी इंजिनं चाचांकडे असतात. एरवीही बोट अडली तर तुमची गाडी बाजूला सारली जाते. माझं काम दुसऱ्या दिवशी दुपारी मध्येच थांबलं, कारण एका ट्रॉलरचा पंप बसला होता आणि खलाशी दारात उभे होते. मला त्यात गैर वाटलं नाही, त्यांची रोजीरोटी आहे. पण रजा काढून येणाऱ्याने एक दिवस जास्तीचा धरावा. छापील बिल मिळत नाही, वहीतल्या पानावर हिशेब लिहून देतात. इंजेक्शनच्या नव्या गाड्यांचा स्कॅनर त्यांच्याकडे नाही, तसली गाडी त्यांनी माझ्यासमोर एकाला परत पाठवली. घाईच्या माणसाला त्यांची पद्धत सोसणार नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, फिरवून आणायची, आकडे लिहायचे, मग पुढची. दोन गोष्टी एकदम करूया असं मी एकदा म्हटलं तर पाना खाली ठेवून गप्प बसून राहिले.

डिस्प्ले आणि प्रोबबद्दल विचारणा होईल म्हणून तेही सांगतो. घ्यावा. पण एकच प्रोब हेडरच्या एकत्र नळीत बसवून भागेल असं समजू नका, चारांची सरासरी दिसेल आणि माझ्यासारखं दुखणं त्यात विरून जाईल. चार घ्या, नाहीतर राहू द्या. नुसता आकडा 700 की 750 याला फार अर्थ नाही, तो प्रोबच्या जागेवर ठरतो. शेजाऱ्याशी किती फरक आणि तो फरक कधी वाढतो, कधी मिटतो, हे बघायचं. वीस-तीस अंशांचा फरक कार्बोरेटरच्या इंजिनात राहणारच, तो शून्यावर आणायच्या नादी लागू नका. माझ्या मीटरचा डिस्प्ले भर उन्हात नीट दिसत नाही, वर पुठ्ठ्याची झडप लावावी लागली. पावसाळ्यातल्या दमट हवेने त्याच्या कनेक्टरांवर हिरवट गंज धरतो, तिथे ग्रीस लावून ठेवतो.

निघताना चाचांनी एक वही दिली. रेघोट्या त्यांनीच मारल्या होत्या: तारीख, वेग, गिअर, एक, दोन, तीन, चार. जहाजावरच्या लॉगसारखी. दर रविवारी रत्नागिरीच्या बाजारातून परतताना गोळपच्या चढाला आणि पुढे सड्यावर, असे दोनदा आकडे मी त्यात उतरवतो. बायको शेजारी असली तर ती वाचते, मी चालवतो. आजवर अकरा रविवारच्या ओळी झाल्यात, चार नंबर प्रत्येक ओळीत वीसेक अंश वर. पुढच्या पावसाळ्यात हेडर उतरवला की तो नट पन्नास मिलिमीटरवर नेणार आहे.